अणुकचऱ्यावर पहारा कोणाचा?

हा लेख आम्ही चंदीगडहून लिहीत आहोत. रस्ते, चौक, सेक्टर सगळे आधी कागदावर आखून मग उभे केलेले हे शहर. नगररचनेचे विद्यार्थी दुरून दुरून ते पाहायला येतात. पण या आखीव शहराचा रोजचा कचरा कुठे जातो? तो शहराच्या कडेला, डड्डूमाजरा या कष्टकऱ्यांच्या वस्तीशेजारी जातो. तिथे वर्षानुवर्षे कचऱ्याचा डोंगर साठत गेला, त्याला आगी लागल्या, लोकांनी निदर्शने केली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दोन राज्यांच्या सरकारांचे मुख्यालय आणि एक उच्च न्यायालय ज्या शहरात आहे, त्या शहराला भाजीच्या देठांचा आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा निकाल वेळेवर लावता आला नाही. ज्याचा आवाज लहान, त्याच्या दाराशी कचरा जाऊन पडतो. हा धडा इथे उघड्या डोळ्यांनी दिसतो.

आता याच शहरातून ज्या हरियाणा राज्याचा कारभार चालतो, तिथे एका वेगळ्या कचऱ्याची तयारी सुरू आहे. फतेहाबाद जिल्ह्यात गोरखपूर नावाचे गाव आहे. उत्तर प्रदेशातले मोठे गोरखपूर वेगळे, हे शेतकऱ्यांचे गाव. तिथे ७०० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्यांचा प्रकल्प उभा राहतो आहे. १३ जानेवारी २०१४ रोजी त्या वेळचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी त्याची कोनशिला बसवली. पाणी भाक्रा कालव्याच्या फतेहाबाद शाखेचे. त्याआधी, २०१० पासून, शेतकऱ्यांनी फतेहाबादला दीर्घकाळ धरणे धरले होते. जमिनीच्या भावाची चर्चा खूप झाली, नुकसानभरपाईचे आकडे वर्तमानपत्रांत छापून आले. पण या भट्ट्यांतून निघणारी राख कुठे जाणार, किती वर्षे राहणार आणि तिच्यावर देखरेख कोण करणार, या प्रश्नाला सरकारने कधी सरळ उत्तर दिले नाही.

आम्हाला काय त्याचे?

महाराष्ट्रातले साथी विचारतील, हरियाणाच्या भट्टीशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

आपल्या सरकारचे धोरण असे की अणुभट्टीतले वापरलेले इंधन टाकून द्यायचे नाही. त्यावर पुनर्प्रक्रिया करून प्लुटोनियम काढून घ्यायचे आणि उरलेला जहाल कचरा साठवायचा. या पुनर्प्रक्रियेचे कारखाने देशात तीनच ठिकाणी आहेत. ट्रॉम्बे, तारापूर आणि तामिळनाडूतले कल्पाक्कम. तीनपैकी दोन आपल्या महाराष्ट्रात. राजस्थानातल्या रावतभाट्याचे वापरलेले इंधन तारापूरला आणून त्यावर प्रक्रिया झाली, हे जुने उदाहरण समोर आहे. उद्या गोरखपूरच्या भट्ट्या पेटल्या की तिथले इंधन एक तर तिथेच कालव्याच्या काठी पडून राहील, नाही तर आज आहेत त्या तीनपैकी एखाद्या जागी न्यावे लागेल. वीज हरियाणात जळेल आणि तिची राख कदाचित बोईसर-पालघरच्या माणसांच्या शेजारी येऊन बसेल. मधली वाट रुळांची असो वा हमरस्त्याची, त्या वाटेवर फाटकवाला, गँगमन, पॉइंट्समन, टपालाची थैली घेऊन जाणारा डाकसेवक असे आपलेच लोक उभे आहेत.

म्हणून हा प्रश्न कामगार चळवळीचा आहे. तो शास्त्रज्ञांवर किंवा पर्यावरणवाल्यांवर सोडून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. अणुवीज हवी की नको, हा वाद इथे आम्ही मांडत नाही. त्यावर आपल्या चळवळीत दोन मते आहेत आणि अणुकेंद्रांत काम करणारे हजारो कामगार आपलेच भाऊ आहेत. पण उद्या सकाळी देशातल्या सगळ्या भट्ट्या बंद केल्या तरी आजवर साठलेला कचरा नाहीसा होत नाही. त्याची देखरेख करावीच लागणार. ती कोणी करायची आणि त्या देखरेख करणाऱ्यावर नजर कोणी ठेवायची, एवढाच आमचा सवाल आहे.

ही राख कसली?

वाफेच्या इंजिनावर काम केलेले जुने साथी जाणतात. कोळसा जळला, राख ॲशपिटात ओढून काढली, पाणी मारले की फायरमन मोकळा झाला. अणुभट्टीच्या राखेचे तसे नाही. युरेनियमची कांडी भट्टीतून काढली की ती आधीपेक्षा कितीतरी पटीने अधिक किरणोत्सारी झालेली असते. तिला वर्षानुवर्षे पाण्याच्या तळ्यात बुडवून थंड करावे लागते. मग पुनर्प्रक्रियेत ती नायट्रिक आम्लात विरघळवतात, युरेनियम-प्लुटोनियम वेगळे काढतात आणि मागे उरतो तो उच्च पातळीचा किरणोत्सारी द्रव. इंधनात निर्माण झालेल्या किरणोत्साराचा फार मोठा वाटा या थोड्या द्रवात असतो. तो आपोआप तापत राहतो. पोलादी टाक्यांत ठेवून त्याला सतत थंड करावे लागते. हे थंड करणे थांबले तर काय होते, ते पुढे सांगतो.

या द्रवाला वितळलेल्या काचेत मिसळून गोठवायचे तंत्र आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी आणि कामगारांनी आत्मसात केले आहे. तारापूरला असा कारखाना १९८५ साली सुरू झाला, पुढे ट्रॉम्बे आणि कल्पाक्कमला झाले. काच भरलेली पोलादी पिंपे हवेने थंड होणाऱ्या भूमिगत कोठारात काही दशके ठेवायची आणि नंतर खोल खडकात कायमची पुरायची, अशी योजना आहे. द्रवापेक्षा काच बरी, यात शंका नाही. जे कामगार शिशाच्या जाड काचेआडून यांत्रिक हातांनी हे काम करतात, त्यांच्या कौशल्याला आमचा सलाम.

पण काळाचा हिशोब बघा. या कचऱ्यातल्या सीझियम-१३७ ची ताकद निम्मी व्हायला ३० वर्षे लागतात. ती हजारावा भाग उरायला तीनशे वर्षे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १८५३ साली गेली. म्हणजे भारतीय रेल्वेचे जेवढे आयुष्य झाले, त्याच्या दीडपटीहून जास्त काळ नुसत्या सीझियमसाठी पहारा हवा. आणि पुनर्प्रक्रियेत पूर्ण न निघालेले जे थोडे प्लुटोनियम-२३९ मागे राहते, त्याची ताकद निम्मी व्हायला २४ हजार वर्षे लागतात. एवढ्या काळात किती सरकारे येतील-जातील, किती खाती बंद होतील, किती कंपन्या दिवाळ्यात निघतील! म्हणून इथे माणसाच्या भल्या बुद्धीवर भिस्त ठेवून चालत नाही. कायदा, नोंद, तपासणी आणि ती तपासणी करणारी स्वतंत्र यंत्रणा हवी.

उंदराला मांजर साक्ष

ती आहे का? इतिहास पाहू.

अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. ते संसदेच्या स्वतंत्र कायद्याने झाले नाही, १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली सरकारी आदेशाने झाले. हे मंडळ आपला अहवाल कोणाला देई? अणुऊर्जा आयोगाला. आयोगाचा अध्यक्ष कोण? अणुऊर्जा खात्याचा सचिव. आणि भट्ट्या, पुनर्प्रक्रिया, कचऱ्याची कोठारे कोणाच्या ताब्यात? त्याच खात्याच्या. ज्याचा कारखाना, त्याच्याच पदराखाली इन्स्पेक्टर!

१९९३ ते १९९६ या काळात डॉ. ए. गोपालकृष्णन मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत १९९५ साली अणुकेंद्रांतल्या १३० सुरक्षा-त्रुटींची यादी तयार झाली. अध्यक्षपद सोडल्यावर त्यांनीच जाहीरपणे सांगितले की हे मंडळ खऱ्या अर्थाने स्वतंत्र नाही. घरातला माणूस बोलला, पण ऐकले कोणी?

ऐकायचे सोडाच, उलटेच झाले. २००० साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुविधा नियामक मंडळाच्या कक्षेतून काढून घेण्यात आल्या आणि त्यांची सुरक्षा-तपासणी केंद्राच्या स्वतःच्या अंतर्गत परिषदेकडे देण्यात आली. साथींनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. उच्च पातळीचा कचरा जिथे तयार होतो, साठवला जातो, काचेत गोठवला जातो, ती कामे मुख्यतः भाभा केंद्राच्याच हाताखाली. म्हणजे जो सर्वांत जहाल कचरा, त्याच्यावरच बाहेरच्या इन्स्पेक्टरची नजर नाही. उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते हेच.

२०१२ साली महालेखापरीक्षकांनी या मंडळाची झाडाझडती घेतली. किरणोत्सार सुरक्षेचे राष्ट्रीय धोरण तयार करायचे काम मंडळाकडे १९८३ पासून होते, ते झालेच नव्हते. आणि नियम मोडणाऱ्याला दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये! रेल्वेत विनातिकीट पकडलेल्या गरीब उतारूला १९८९ च्या रेल्वे कायद्याने हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. किरणोत्साराचे नियम मोडणारा मात्र पाचशेत सुटणार. या देशात कोणाच्या जिवाची काय किंमत लावली जाते, ते या दोन आकड्यांत आले.

स्वतंत्र नियामक प्राधिकरणाचे एक विधेयक २०११ साली लोकसभेत आले होते. ते पडून राहिले आणि २०१४ साली लोकसभा विसर्जित होताच रद्दबातल झाले.

रेल्वे आणि टपाल खात्याने हा धडा केव्हाच गिरवला आहे

‘स्वतंत्र तपासनीस’ म्हटले की वरिष्ठ नोकरशहा म्हणतात, हे तांत्रिक काम आहे, बाहेरच्याला कळणार नाही. रेल्वे कामगारांनी या युक्तिवादाला हसावे. कारण आपल्या खात्यात हा वाद ऐंशी वर्षांपूर्वीच निकालात निघाला.

१९०५ नंतर रेल्वेचे इन्स्पेक्टर रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली होते. जो गाड्या चालवतो, तोच अपघाताची चौकशी करणाऱ्याचा साहेब. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने तत्त्व मान्य केले की सुरक्षेची तपासणी गाड्या चालवणाऱ्या यंत्रणेपासून वेगळी हवी. १९३७ साली बिहारमध्ये बिहटा येथे भीषण अपघात झाला, शंभराहून अधिक माणसे गेली. त्यानंतर नेमलेल्या समितीनेही तोच मुद्दा उचलून धरला. अखेर मे १९४१ मध्ये रेल्वे इन्स्पेक्टर बोर्डाच्या ताब्यातून काढून दुसऱ्या खात्याकडे सोपवले गेले. ते खाते कोणते होते? टपाल व हवाई खाते! आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली आहेत. नवा मार्ग उतारूंसाठी खुला करायचा तर आधी त्यांची मंजुरी लागते. कोणी जनरल मॅनेजर ‘माझा रूळ, माझेच सर्टिफिकेट’ म्हणू शकत नाही.

हीही व्यवस्था अपुरी आहे, हे आम्ही जाणतो. आयुक्तांच्या शिफारशी फायलीत बांधून ठेवल्या जातात. २०१२ साली रेल्वे सुरक्षेवरच्या उच्चस्तरीय समितीने सांगितले की नियम करणे, गाड्या चालवणे आणि त्यावर नियंत्रण ठेवणे ही तिन्ही कामे रेल्वे बोर्डाच्याच हाती एकवटली आहेत, तेव्हा बोर्डाबाहेर कायद्याने स्वतंत्र असे रेल्वे सुरक्षा प्राधिकरण नेमा. या समितीचे अध्यक्ष कोण होते? डॉ. अनिल काकोडकर, अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष! शिफारस रास्त होती, आम्ही तिचे स्वागतच करतो. आमचे म्हणणे इतकेच, की जो न्याय रुळाला तोच अणुकचऱ्याच्या टाकीला लावा. रूळ तुटला तर एक गाडी जाते. टाकी गेली तर तालुका जातो.

टपाल कामगारांनाही हे तत्त्व नवे नाही. १८९८ च्या टपाल कायद्याचे कलम १९ जुन्या साथींना आठवत असेल. स्फोटक, धोकादायक, घाणेरडी, अपायकारक वस्तू टपालाने पाठवायला त्यात मनाई होती. टपाल हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला इजा करील असा प्राणीही पाठवता येत नसे. तो कायदा आता गेला, २०२३ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. पण इंग्रजांच्या काळातल्या कायद्यालाही एवढे कळत होते की पाकीट उघडणाऱ्याचा आणि थैली उचलणाऱ्याचा हात आधी वाचला पाहिजे. अणुकचऱ्याच्या नियमांची सुरुवातही त्या हातापासून व्हायला हवी.

कल्पाक्कमच्या कामगारांनी काय भोगले

हे नुसते तत्त्वाचे बोलणे नाही. २१ जानेवारी २००३ रोजी कल्पाक्कमच्या पुनर्प्रक्रिया केंद्रात एक झडप निकामी झाली आणि उच्च पातळीचा किरणोत्सारी द्रव कमी पातळीच्या कचऱ्याच्या टाकीत शिरला. तिथे धोक्याची सूचना देणारे किरणोत्सार-मापक यंत्रच बसवलेले नव्हते. कामगार नेहमीप्रमाणे टाकीतल्या द्रवाचा नमुना घ्यायला गेले. त्यांच्या हातात काय आले, हे त्यांना नमुना तपासेपर्यंत कळले नाही. सहा जणांच्या शरीराला मोठा किरणोत्सार लागला.

तिथल्या कर्मचारी संघटनेने व्यवस्थापनाला पत्र लिहून सुरक्षेच्या दहा मागण्या केल्या. पूर्णवेळ सुरक्षा अधिकारी नेमा, ही त्यांतली एक. मागणी अवास्तव होती का? पगारवाढ मागितली होती का? आधीच्या दोन वर्षांत कामगारांना किरणोत्सार लागल्याच्या दोन घटनाही त्यांनी पत्रात मांडल्या. उत्तर आले नाही. काही महिन्यांनी संघटनेने संप केला. मग मात्र व्यवस्थापनाला जाग आली. चळवळीतल्या प्रमुखांच्या बदल्या झाल्या, इतरांना तसल्याच कारवाईच्या धमक्या मिळाल्या आणि दोन दिवसांत संप मोडला. बातमी वर्तमानपत्रांत फुटली तेव्हाच व्यवस्थापनाने मान्य केले की किरणोत्सार लागण्याच्या दृष्टीने हा देशातला सर्वांत गंभीर अपघात आहे. आणि दोष कोणाचा? कामगारांचाच! त्यांनी अतिउत्साह दाखवला, मापक बिल्ले लावले नाहीत, असे सांगण्यात आले.

ही भाषा आपल्याला ओळखीची आहे. अपघात झाला की आधी ड्रायव्हर, केबिनमन, गँगमन निलंबित. सिग्नल का बिघडला, माणसे का कमी होती, डबल ड्युटी कोणी लावली, हे नंतर, आणि बहुधा कधीच नाही. रेल्वेत निदान आयुक्तांपुढे साक्ष देता येते, चौकशी बाहेरचा माणूस करतो. कल्पाक्कमच्या कामगाराची चौकशी त्याच्याच मालकाने केली. बाहेरचा नियामक तिथे असता तर झडपेवर मापक यंत्र अपघाताआधी बसले असते, असे आम्ही म्हणतो. आणि संघटनेचे पत्र केराच्या टोपलीत टाकायला व्यवस्थापन कचरले असते.

जगाचा अनुभव

थंड करणे थांबले तर काय होते? २९ सप्टेंबर १९५७ रोजी सोव्हिएत संघातल्या उरल भागात, मायाक कारखान्यात, अशाच द्रवाच्या एका टाकीची थंड करण्याची व्यवस्था बंद पडली आणि टाकीचा स्फोट झाला. गावेच्या गावे उठवावी लागली. तिथल्या सरकारने ही गोष्ट १९८९ पर्यंत अधिकृतपणे कबूल केली नाही. कामगारांच्या नावाने राज्य करणारे सरकारही गुप्ततेच्या पडद्याआड कामगाराचा जीव घेते, हा कटू धडा आपण विसरू नये. अमेरिकेत हॅनफर्ड येथे बॉम्ब बनवताना साठलेला कचरा १७७ भूमिगत टाक्यांत आहे. कित्येक टाक्या गळल्या. साफसफाई आजही संपलेली नाही.

दुसरीकडे फिनलंडसारखा लहान देश बघा. तिथे वीज विकणाऱ्या कंपन्यांना कचऱ्याच्या खर्चासाठी सरकारी निधीत आधीच पैसे भरावे लागतात. ज्या गावाच्या हद्दीत कोठार करायचे, त्या गावाला ‘नाही’ म्हणण्याचा कायदेशीर हक्क आहे. नियामक वेगळा आहे. आणि असे असूनही, की असे असल्यामुळेच, खडकात चारशे मीटरहून खोल कोठार त्यांनी खणून दाखवले. लोकांना विचारल्याने काम अडते म्हणणाऱ्यांनी हे डोळ्यांखालून घालावे.

आपल्याकडे काय झाले? २०१२ च्या नोव्हेंबरात कुडनकुळमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे कोलारच्या बंद सोन्याच्या खाणींचा उल्लेख झाला. कोलारच्या लोकांना हे वर्तमानपत्रातून कळले. ज्या खाण कामगारांनी आयुष्य त्या विवरांत घातले, त्यांचीच मुले रस्त्यावर उतरली. मग सरकार म्हणाले, तिथे काही पुरणार नाही. ६ मे २०१३ च्या निकालात न्यायालयाने भट्टीबाहेर साठवणुकीची सोय पाच वर्षांत करा आणि कायमच्या खोल कोठारासाठी लवकर पावले उचला, असे बजावले. पाच वर्षे संपली, २०१८ साली मुदत २०२२ पर्यंत वाढवून घेतली. आणि कायमच्या कोठाराबद्दल खात्याचे म्हणणे काय? कचरा थोडा आहे, तूर्त गरज नाही! डड्डूमाजराचा डोंगरही पहिल्या दिवशी थोडाच होता.

मलई खाजगी, राख सरकारी

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा मंजूर केला. नाव ठेवले ‘शांती’. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणु-दायित्व कायदा यांची जागा घेणारा हा कायदा खाजगी कंपन्यांना अणुवीज केंद्रांचे दार उघडतो. सदोष यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडून भरपाई वसूल करण्याची जी तरतूद २०१० च्या कायद्यात होती, ती यात वगळली आहे. अपघात झाला तर केंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी जास्तीत जास्त तीन हजार कोटी रुपयांवर थांबते. भोपाळ पाहिलेल्या देशाने हे करावे!

आणि कचरा? पुनर्प्रक्रिया आणि उच्च पातळीच्या कचऱ्याची व्यवस्था केंद्र सरकारच्याच गळ्यात राहणार आहे. कंपनी चाळीस-पन्नास वर्षे वीज विकून नफा घरी नेईल आणि पुढची तीनशे वर्षे पहारा देण्याचा खर्च तुमच्या-आमच्या नातवंडांच्या करातून होईल. जहाल कचरा नफेखोरांच्या हाती देऊ नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण मग त्याचा पूर्ण खर्च वीज विकतानाच वसूल करा. नव्वदच्या दशकापासून खाउजाचा जो मंत्र आपल्या कानी कपाळी ओरडला जातो आहे, त्याचा अर्थ दर वेळी हाच निघतो. फायद्याचे खाजगीकरण, तोट्याचे राष्ट्रीयीकरण. स्टेशने, कंटेनर, कुरियर यांत आपण ते पाहिले. आता अणुभट्टीत पाहू.

या कायद्याने नियामक मंडळाला कायद्याचा दर्जा दिला, हे चांगलेच झाले. पण दर्जा म्हणजे स्वातंत्र्य नाही. चार कसोट्या लावून बघा. अध्यक्षाची नेमणूक कोण करतो? पगार आणि पैसा कुठून येतो? भाभा केंद्राच्या टाक्यांत डोकावायचा त्याला हक्क आहे का? आणि त्याचा अहवाल कामगाराला, गावाला वाचायला मिळतो का? या चारांची उत्तरे खात्याच्या बाहेरची नसतील, तर पाटी नवी आणि दुकान जुनेच.

आपले लोक, आपला माल

रेल्वेच्या धोकादायक मालाच्या ‘रेड टॅरिफ’मध्ये किरणोत्सारी पदार्थांचा वेगळा वर्ग आहे. तो कागदावर आहे. पार्सल ऑफिसातल्या किती साथींना त्याचे प्रशिक्षण मिळाले? झारखंडमध्ये जादूगोडाच्या खाणीतला युरेनियमचा पिवळा चुरा पिंपांत भरून राखा माइन्स स्टेशनवरून हैदराबादला जात असे. ही पिंपे उघड्यावर, फुटक्या अवस्थेत हाताळली जातात, अशी तक्रार तिथल्या आदिवासी संघटनांनी वर्षानुवर्षे केली. तो उच्च पातळीचा कचरा नव्हता, मान्य. पण कमी धोक्याच्या मालाची ही तऱ्हा, तर जास्त धोक्याच्या मालाबद्दल विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

आणि २०१० च्या एप्रिलमधले दिल्लीचे मायापुरी आठवा. विद्यापीठात वर्षानुवर्षे पडून असलेले कोबाल्टचे जुने यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले. भंगार बाजारात ते फोडणाऱ्यांना आत काय आहे याचा पत्ता नव्हता. एक कामगार मेला, कित्येक जण रुग्णालयात गेले. त्या यंत्राची नोंद ठेवणे, ते कुठे आहे हे विचारणे, हे नियामकाचेच काम होते. चंदीगडपासून जवळच मंडी गोबिंदगडच्या भट्ट्या भंगारावरच चालतात. तिथल्या मजुराला हे कोणी शिकवले आहे?

आमच्या मागण्या

१. नियामक मंडळ अणुऊर्जा खाते व आयोग यांच्यापासून पूर्ण वेगळे करा. अध्यक्षाची निवड आणि अंदाजपत्रक संसदेच्या देखरेखीखाली आणा. मंडळाने अहवाल थेट संसदेला द्यावा.

२. २००० सालचा निर्णय फिरवा. भाभा केंद्राच्या पुनर्प्रक्रिया व कचरा साठवणुकीच्या सर्व सुविधा मंडळाच्या तपासणीखाली आणा.

३. देशात किती उच्च पातळीचा कचरा, किती द्रवरूपात आणि किती काचेत, कोणत्या ठिकाणी आहे, याची नोंदवही दरवर्षी प्रसिद्ध करा. बॉम्बची गुपिते कोणी मागत नाही, टाक्यांचा हिशोब द्या.

४. कचऱ्याच्या कायमच्या व्यवस्थेसाठी वीज विकणाऱ्याकडून दर युनिटमागे रक्कम घेऊन सरकारी निधीत ठेवा. त्या निधीला दुसऱ्या कामासाठी हात लावू नये.

५. कायमच्या कोठाराची जागा ठरवण्याआधी तिथल्या ग्रामसभांची संमती घ्या. कोलारची पुनरावृत्ती नको.

६. अणुकेंद्रांतल्या सुरक्षा समित्यांत कामगार संघटनांचे निवडून आलेले प्रतिनिधी घ्या. सुरक्षेची तक्रार करणाऱ्याच्या बदलीला बंदी करा. कंत्राटी कामगारालाही बिल्ला, त्याच्या किरणोत्साराची नोंद आणि नोकरी सुटल्यावरही आयुष्यभर वैद्यकीय तपासणी मिळाली पाहिजे.

७. किरणोत्सारी मालाच्या वाहतुकीत येणाऱ्या रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, मापक आणि असुरक्षित माल नाकारण्याचा हक्क द्या.

८. गोरखपूरची भट्टी सुरू करायची परवानगी देण्याआधी तिथले वापरलेले इंधन कुठे, कोणत्या वाटेने आणि किती काळासाठी जाणार, हे हरियाणा व महाराष्ट्र दोन्ही राज्यांतल्या जनतेपुढे लेखी मांडा.

साथींनो, यांतली एकही मागणी अशी नाही की जी शास्त्राला अडवते. उलट शास्त्रज्ञाला खरे बोलायचे बळ यातूनच मिळेल. प्रत्येक शाखेने पुढच्या बैठकीत या मागण्यांचा ठराव करावा, आपल्या खासदाराला पाठवावा. रेल्वेतल्या साथींनी पीएनएमच्या बैठकीत सातवा मुद्दा लावावा. टपालातल्या साथींनी तो सर्कल पातळीवर उचलावा. पालघर, बोईसर, डहाणूच्या शाखांनी तारापूरच्या कामगारांशी आणि मच्छीमारांशी बोलायला सुरुवात करावी. इकडे चंदीगड-अंबाल्याचे साथी फतेहाबादच्या शेतकऱ्यांपर्यंत हेच म्हणणे नेतील.

१९४१ साली रुळावरचा इन्स्पेक्टर गाडी चालवणाऱ्याच्या तावडीतून सुटला, तो शंभराहून अधिक माणसे बिहट्याला गेल्यानंतर. अणुकचऱ्याच्या इन्स्पेक्टरला सोडवायला आम्ही तेवढ्या प्रेतांची वाट पाहणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!